एका पावसाची अनेक शास्त्रे

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर वसलेले आहे. पूर्वेचा आणि पश्चिमेचा, असे दोन्ही समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस तेथे पोचतो तो आपली बहुतेक शिदोरी कोकण-कर्नाटकच्या किनाऱ्यावर आणि सह्याद्रीच्या माथ्यावर रिती करून. मुंबईकराने ज्याला पाऊस म्हणावे, असा पाऊस बंगळूरकराला क्वचितच पाहायला मिळतो. आणि तरीही समुद्र, ढग आणि मोसमी पाऊस यांचा अभ्यास करणारे भारतातील एक अग्रगण्य केंद्र उभे राहिले ते याच शहरात. जमशेटजी टाटांच्या उदार देणगीतून १९०९ साली स्थापन झालेल्या आणि बंगळूरचे जुने लोक ज्या संस्थेला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८२ साली वातावरणशास्त्राचे एक केंद्र सुरू झाले. पुढे त्याच्या नावात महासागरशास्त्राचीही भर पडली.

या केंद्रातील अध्यापकांच्या संशोधनाचे विषय कोणी ओळीने वाचून दाखवले, तर ऐकणारा थोडा गोंधळून जाईल. कोणी समुद्राच्या वरच्या थरातील मिठाचे प्रमाण मोजतो. कोणी हवेत तरंगणारी धूळ आणि काजळी तपासतो. कोणी पाण्याच्या टाकीत ढगाची नक्कल करतो, तर कोणी गणकयंत्रात साऱ्या पृथ्वीचे हवामान मांडून त्यातील अंगारवायू वाढवून पाहतो. मृग कोरडा गेला म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला या यादीत आपला पाऊस कोठे आहे, असा प्रश्न पडला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. ज्या विद्येचा पाऊस हा विषय, तिने या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे.

रोजचे हवामान नोंदवणे आणि त्याचे अंदाज देणे हे काम आपल्याकडे भारतीय हवामान खाते १८७५ पासून करीत आले आहे. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासून ‘पुणे वेधशाळा’ हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात रुळला. कधी आदराने, कधी थट्टेने. अंदाज देणाऱ्याला आजच्या आज काही सांगावे लागते. त्याला थांबता येत नाही. परंतु पाऊस असा का वागतो, हा प्रश्न वर्षानुवर्षे धरून बसण्यासाठी निराळी जागा लागते. संस्थेचे तेव्हाचे संचालक सतीश धवन आणि विमानविद्येतील विख्यात शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांच्या दूरदृष्टीतून अशी जागा बंगळुरात घडत गेली. म्हणूनच तेथे आलेले लोक प्रथमपासून हवामानखात्यातले नव्हते. कोणी गणिती होते, कोणी अभियंते, कोणी पदार्थवैज्ञानिक. पावसाविषयी जे सर्वांना ठाऊक आहे असे मानले जात होते, ते त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहिले.

नरसिंह यांचे उदाहरण घ्यावे. विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा शांतपणे वाहता वाहता एकाएकी खळबळू का लागते, हा त्यांचा मूळ विषय. तीच नजर त्यांनी ढगाकडे वळवली. धुराड्यातून निघालेला धूर जसजसा वर चढतो तसतसा आजूबाजूची हवा आत ओढून घेत रुंद होतो आणि विरून जातो. उंच वाढणारा पावसाळी ढग मात्र असा विरत नाही. असे का व्हावे? ढगात वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. म्हणजे ढग आतून तापत असतो. जी. एस. भट आणि नरसिंह यांनी हे प्रयोगशाळेत करून पाहिले. पाण्याने भरलेल्या टाकीत पाण्याचीच एक धार त्यांनी वर सोडली. थोडे आम्ल मिसळून ती वीजवाहक केली आणि ठरावीक उंचीवर तिच्यातून विजेचा प्रवाह खेळवून तिला आतून तापवले. अशी तापलेली धार आपल्यातले मोठे भोवरे मोडून टाकते आणि आजूबाजूचे पाणी कमी ओढते, असे त्यांना दिसले. १९९६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. टाकीतली ती बारीकशी धार आणि आषाढातला मेघ यांच्यामध्ये नियम एकच चालतो.

या केंद्राच्या जडणघडणीत एका मराठी विदुषीचा वाटा फार मोठा आहे. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ साली पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुणे विद्यापीठ येथे शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत हार्वर्डला गेल्या आणि १९७० साली उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवली. त्यांचा प्रबंध होता अटलांटिक महासागरातील प्रवाह नागमोडी वळणे का घेतात, या विषयावर. तेथेच राहून त्या प्रवाहांचे गणित करीत बसणे सोपे होते. परंतु १९७१ साली पती माधव गाडगीळ यांच्यासह त्या मायदेशी परतल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत दोन वर्षे काम करून १९७३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आल्या. पुढील आयुष्य त्यांनी एकाच विषयाला वाहिले, आणि तो विषय म्हणजे मोसमी पाऊस. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोसमी पाऊस का येतो, हे आपण सर्वजण शाळेत शिकतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री उलट घडून मतलई वारे सुटतात. हाच खेळ ऋतूच्या प्रमाणावर झाला की मोसमी वारे. इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली यांनी ही कल्पना १६८६ साली मांडली, आणि तिच्या साधेपणामुळे ती तीन शतके पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. सुलोचनाबाईंनी तिला काही साधे प्रश्न विचारले. जमिनीच्या तापण्यानेच पाऊस ओढला जात असेल, तर ज्या वर्षी जमीन अधिक तापते त्या वर्षी पाऊस अधिक पडावयास हवा. प्रत्यक्षात दुष्काळी वर्षीच जमीन अधिक तापलेली असते. चांगल्या पावसाच्या वर्षी ती थंड असते. मे महिन्यात भूमी अगदी भाजून निघते, पण ऐन पाऊस पडतो तो जुलैत, जमीन निवाल्यानंतर. आणि राजस्थानच्या वाळवंटाइतके तापलेले दुसरे ठिकाण या देशात कोठले? तेथे तर पाऊस अगदी कमी. कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या या गोष्टी. पण त्या एकत्र ठेवून जुन्या सिद्धांतासमोर उभ्या करण्याचे धैर्य कोणीतरी दाखवावे लागते.

मग पावसाचे खरे कारण कोणते? पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांतून विषुववृत्ताकडे वाहणारे वारे जेथे एकमेकांस मिळतात, तेथे हवा वर चढते आणि ढगांचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो. सूर्य उत्तरेस आला की हा पट्टाही उत्तरेस सरकतो. महासागरांवर तो थोडाच सरकतो. भारताच्या रेखांशांवर मात्र विषुववृत्त सोडून थेट गंगेच्या मैदानापर्यंत जातो. आपला मोसमी पाऊस म्हणजे हा पट्टा आपल्या भूमीवर येऊन राहणे. १९७३ ते १९७७ या पाच वर्षांत उपग्रहांनी टिपलेली ढगांची रोजची चित्रे घेऊन डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी या पट्ट्याची दिनचर्याच लिहून काढली. १९८० साली तो निबंध प्रसिद्ध झाला, आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो.

त्यातील एक निष्कर्ष आपल्या शिवाराशी थेट नाते सांगणारा आहे. जमिनीवर आलेला हा ढगांचा पट्टा स्वतःच्या बळावर फार दिवस टिकू शकत नाही. महिन्याभरात तो क्षीण होतो. त्याच वेळी दूर दक्षिणेस, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर दुसरा पट्टा उभा राहतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने तो उत्तरेकडे सरकत येतो आणि जमिनीवरच्या विझू पाहणाऱ्या पट्ट्याला पुन्हा प्राण देतो. पाऊस झडीने लागतो, मग उघडीप पडते, कधी ती लांबते आणि आपण ‘पावसाने ओढ दिली’ म्हणतो. या सर्व चढउतारांमागे समुद्रावरून येणाऱ्या या कुमकेची ये-जा असते. कुमक वेळेवर आली तर पीक तरते. तिला उशीर झाला तर दुबार पेरणीची पाळी येते.

कुमक समुद्रावरून येते, हे एकदा समजल्यावर समुद्राकडे वळणे प्राप्तच होते. १९८४ साली सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी दाखवून दिले, की समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २८ अंश सेल्सियसच्या आसपास पोचेपर्यंत त्यावर उंच ढगांचे समूह क्वचितच बनतात. तो उंबरठा ओलांडला की त्यांची शक्यता एकदम वाढते. बंगालचा उपसागर या उंबरठ्याच्या वर राहतो, आणि येथेच एक कोडे उभे राहते. सतत पाऊस, सोसाट्याचा वारा, ढगांनी झाकलेला सूर्य. इतके सारे असताना हा समुद्र थंड का होत नाही? तो थंड झाला असता तर मध्य भारतास पाऊस देणारी कमी दाबाची क्षेत्रे निर्माणच झाली नसती.

हे कोडे सोडवण्यासाठी १९९९ च्या जुलै-ऑगस्टात, भर पावसाळ्यात, ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ ही जहाजे उपसागरात जाऊन उभी राहिली. खवळलेल्या समुद्रात आठवडेच्या आठवडे एका जागी राहून शास्त्रज्ञांनी हवा, पाणी आणि मीठ यांची मापे घेतली. पी. एन. विनयचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून उत्तराचा एक मोठा भाग हाती आला. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इतर नद्या आपले गोडे पाणी या उपसागरात ओततात. वरून पाऊस त्यात भर घालतो. हे हलके पाणी खालच्या जड, खाऱ्या पाण्यावर सायीसारखे पसरते. वाऱ्याने कितीही घुसळले तरी खालचे थंड पाणी सहजी वर येऊ शकत नाही. वरचा पातळ थर लवकर तापतो आणि पुढच्या ढगांसाठी सज्ज होतो. पावसाचे पाणी नदीत, नदीचे पाणी समुद्रात, आणि तेच समुद्राला पुन्हा पाऊस देण्याजोगे ठेवते. समुद्रातले मीठ मोजणारा अध्यापक पावसाच्या केंद्रात काय करतो, याचे उत्तर येथे मिळते.

मात्र ज्ञानाची खरी परीक्षा अपयशाच्या वर्षी होते. प्रशांत महासागराचे पूर्वेकडील पाणी प्रमाणाबाहेर तापले की त्या घटनेला एल निनो म्हणतात, आणि एल निनो आला की भारतावर दुष्काळाचे सावट पडते, असा अनुभव आहे. १९९७ साली शतकातील अतिप्रबळ अशा एल निनोंपैकी एक आला. सर्वांनी धसका घेतला, आणि पाऊस मात्र सरासरीइतका पडला. उलट २००२ साली एल निनो बेताचाच होता. तरीही एकट्या जुलैत पाऊस निम्म्यावर आला आणि ऋतूच्या अखेरीस तूट १९ टक्क्यांची राहिली. त्या वर्षी कोणाच्याही अंदाजात हा दुष्काळ नव्हता. सुलोचना गाडगीळ, विनयचंद्रन आणि पी. ए. फ्रान्सिस यांनी आपली दृष्टी प्रशांत महासागरावरून आपल्या घरच्या समुद्राकडे आणली. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम भागावर, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूस, ढग अधिक आणि सुमात्राच्या बाजूस कमी, अशी स्थिती असली की आपला पाऊस बळावतो. उलट स्थितीत तो खंगतो. १९९७ साली हे पारडे आपल्या बाजूस झुकले होते, २००२ साली विरुद्ध बाजूस. दोन महासागरांचा हिशेब एकत्र मांडल्यावर अतिवृष्टीची आणि अवर्षणाची बहुतेक वर्षे समजू लागली. आता हा समुद्रावरचा झोका कोणत्या बाजूस जाईल हे महिने आधी सांगता येणे, हे पुढचे आणि अधिक कठीण काम आहे.

पाऊस केवळ वाऱ्या-पाण्यावर अवलंबून असता, तर येथेच थांबता आले असते. परंतु आता माणसाचा हातही त्यात पडला आहे. एस. के. सतीश यांचा विषय हवेतील सूक्ष्म कणांचा. १९९९ च्या हिवाळ्यात हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतील मापांवरून त्यांनी आणि व्ही. रामनाथन यांनी दाखवले, की चुली, वाहने आणि कारखाने यांतून निघालेली काजळी सूर्यप्रकाश मध्येच शोषून घेते. त्यामुळे समुद्रापर्यंत पोचणारे ऊन घटते आणि मधली हवा मात्र तापते. जी. बाला यांचा विषय याहून व्यापक. पृथ्वीचे वाढते तापमान रोखण्यासाठी सूर्याचे ऊनच काहीसे अडवावे, अशी एक सूचना जगात चर्चिली जाते. बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या गणिताने बजावले, की अशा उपायाने तापमान पूर्वपदावर आले तरी पाऊस पूर्वपदावर येणार नाही. तो जगभर घटेल. ज्या देशाचे अन्न पावसावर पिकते त्या देशाने हे वाक्य लक्षात ठेवावयास हवे.

बी. एन. गोस्वामी, व्ही. वेणुगोपाल, देबाशिष सेनगुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली मध्य भारताचा १९५१ ते २००० या पन्नास वर्षांचा रोजचा पाऊस तपासला. विदर्भ आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग या टापूत येतो. एकूण पावसात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक होता तो पडण्याच्या रीतीत. एका दिवसात धो धो कोसळणारा पाऊस वाढला होता; जमिनीत मुरणारा, मध्यम, पिकाला मानवणारा पाऊस कमी झाला होता. ‘हल्ली पाऊस पूर्वीसारखा पडत नाही’ असे गावोगावचे वृद्ध म्हणतात, त्यातले तथ्य आकड्यांनी असे पुढे आणले. सरासरी जिथल्या तिथे होती, आणि तिच्या आड पाऊस आपली चाल बदलत होता.

एवढे झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. हे सारे शेतकऱ्यापर्यंत कसे पोचावे? सुलोचनाबाईंना या प्रश्नाने कधी स्वस्थ बसू दिले नाही. बंगळूरच्या उत्तरेस पावगड तालुका आणि त्याला लागून आंध्रचा अनंतपूर जिल्हा आहे. आपल्या माण-खटावसारखाच हा कोरडवाहू, अवर्षणप्रवण प्रदेश. येथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास. पूर्वी लोक अनेक धान्ये मिसळून पेरीत. १९७० नंतरच्या काळात एकट्या भुईमुगाने बहुतेक रान व्यापले. बाई आणि त्यांचे सहकारी तेथील शेतकऱ्यांबरोबर बसले आणि त्यांच्याकडूनच प्रश्न समजून घेतले. पेरणी कधी करावी? आऱ्या सुटून शेंगा भरण्याच्या वेळी उघडीप गाठ पडेल, ती कशी चुकवावी? मग अनेक दशकांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी पीकवाढीच्या गणिती प्रतिमानात घालून, कोणत्या तारखेच्या पेरणीस किती धोका, हे त्यांनी काढले.

या कामामागचा त्यांचा विचार मोलाचा होता. जुन्या पिकांविषयी शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण होते. कोणत्या नक्षत्रावर काय पेरावे हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. परंतु पीक नवे, वाण नवे, बाजार नवा. आणि हे शहाणपण नव्याने घडण्यास लागणारा काळ त्याच्या हाती नाही. त्या उणिवेच्या जागी शास्त्राने उभे राहावयाचे आहे. शेतकऱ्याचे गुरू होण्याचा हक्क त्याने सांगू नये. त्याच्या शेजारी बसून हिशेब करावा.

या हिशेबाचा आवाका एका तालुक्याहून फार मोठा आहे. सुलोचना गाडगीळ आणि त्यांचे गणितज्ञ पुत्र सिद्धार्थ गाडगीळ यांनी २००६ साली पावसाचा आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा संबंध तपासला. स्वातंत्र्यानंतरच्या पाच दशकांत राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा खूप घटला, कारखाने आले, शहरे वाढली. पण तीव्र दुष्काळाने होणारी हानी आरंभी होती तशीच, राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्के, राहिली. शिवाय दुष्काळी वर्षी जेवढे जाते, तेवढे चांगल्या वर्षी परत मिळत नाही. पावसाची शाश्वती नसल्यामुळे कोरडवाहू शेतकरी खतावर आणि औषधावर पैसा घालण्यास धजत नाही, आणि म्हणून सुकाळाचा पुरता लाभही त्याच्या पदरात पडत नाही. पाऊस आधी समजला, निदान त्याचा धोका मोजता आला, तर ही अडचण थोडी तरी सैल होईल.

बंगळूरच्या त्या केंद्रातील विषयांची यादी आता पुन्हा वाचली तर तिचा अर्थ निराळा लागतो. टाकीतली तापलेली धार ढग का टिकतो हे सांगते. समुद्रातले मीठ ढग कोठून येतो हे सांगते. विषुववृत्तावरचा झोका वर्ष कसे जाईल याची खूण देतो. हवेतली काजळी आणि अंगारवायू पुढच्या पिढीचा पाऊस कसा असेल याची सूचना देतात. पाऊस एकच आहे, पण कोणा एकाच्या आवाक्यात तो मावत नाही; म्हणून त्याच्या वाटण्या करून अभ्यास करावा लागतो. त्या वाटण्या पुन्हा एकत्र जोडल्या जातात त्या प्रयोगशाळेत नव्हे, तर जेथे कोणी वाफशाची वाट पाहत, बियाण्याची पिशवी बाजूला ठेवून उभा असतो, त्या बांधावर. आज पेरावे की आणखी आठ दिवस थांबावे, हे त्याला अधिक भरवशाने ठरवता येईल, त्या दिवशी या सर्व शास्त्रांच्या श्रमाचे चीज झाले असे म्हणता येईल.